नागपूरकरांसाठी हिवाळी समुद्रपक्षी निरीक्षण: अंबाझरीच्या बांधापासून रत्नागिरीच्या भूशिरापर्यंत

नागपूर आणि अरबी समुद्र यांच्यामध्ये जवळजवळ सगळा महाराष्ट्र पसरलेला आहे, त्यामुळे विदर्भातील पक्षिनिरीक्षकाची नजर तयार होते ती तलावांवर, धानाच्या बांध्यांत आणि सागाच्या जंगलात. या नजरेला समुद्र अनोळखी असतो. जंगलात आपण चालत राहतो, थांबतो, आवाजाचा माग काढतो आणि पक्ष्यापर्यंत पोहोचतो. समुद्रात घुसलेल्या भूशिरावर मात्र आपल्याला तासन्‌तास एका जागी बसावे लागते आणि पक्षी आपल्या समोरून, बहुधा दूरवरून आणि फार थोडा वेळ, निघून जातात. पहिल्यांदा कोकणात गेलेले अनेक चांगले निरीक्षक दोन तासांत कंटाळून उठतात. त्यांची जाण कमी नसते; दूरच्या, हलत्या, करड्या-पांढऱ्या आकृतीकडे सलग पाहण्याचा सराव त्यांना नसतो. हा सराव नागपुरातच, घरापासून काही किलोमीटरवर करता येतो आणि तो करूनच समुद्रावर जावे, असे माझे ठाम मत आहे. पुढील मार्गदर्शन त्याच क्रमाने दिले आहे.

अपेक्षा आधी नीट ठरवाव्यात

समुद्रपक्षी म्हटले की बऱ्याच जणांच्या मनात पेट्रेल, शिअरवॉटर, बूबी असे खोल समुद्रातले पक्षी येतात. हे पक्षी कोकणच्या किनाऱ्यावरून दिसतात ते मुख्यतः पावसाळ्यात, जून ते सप्टेंबरमध्ये, जेव्हा नैऋत्येकडून येणारे जोराचे वारे त्यांना किनाऱ्याकडे ढकलतात. हिवाळ्यात तो जोर नसतो आणि असे पक्षी जमिनीवरून दिसणे हा अपवाद ठरतो. हिवाळ्याची खरी संपत्ती वेगळी आहे: उत्तरेकडून आलेले कुरव (गल), अनेक प्रकारचे सुरय (टर्न), त्यांच्या तोंडचा घास हिसकावणारे थोडे स्कुआ, नशीब असल्यास पाण्यावर तरंगणारा फॅलारोप या चिमुकल्या पक्ष्यांचा थवा, आणि किनाऱ्याच्या वाळूत व खडकांत वावरणारे चिखले, तुतवार व त्यांचे भाईबंद. याखेरीज समुद्र गरुड, कैकर, ब्राह्मणी घार आणि कड्यांवर बसणारा बहिरी ससाणा हे भूशिराचे नेहमीचे शिकारी आहेत.

सुरयांच्या काही जाती महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाजवळील वेंगुर्ला खडकांवर वीण करतात, पण ती उन्हाळ्यात. त्या बेटांवर जाण्याचा विचार या सहलीत करू नये; हिवाळ्यात तिथे घरटी नसतात आणि विणीच्या काळात तिथे माणसाने जाणे पक्ष्यांच्या हिताचे नसते.

कुरव ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून येऊ लागतात, डिसेंबर ते फेब्रुवारी त्यांची संख्या भरपूर असते आणि एप्रिलपर्यंत बहुतेक परततात. पहिल्या सहलीसाठी मी जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारी सुचवेन. फेब्रुवारीच्या शेवटी लहान कुरवांच्या डोक्यावर विणीच्या काळातला गडद रंग चढू लागतो. त्यामुळे एकाच थव्यात पांढऱ्या डोक्याचे, अर्धवट डागाळलेले आणि पूर्ण रंगलेले पक्षी शेजारी शेजारी दिसतात आणि नवशिक्याला जात ओळखणे सोपे जाते.

पहिला टप्पा: अंबाझरीचा बांध

अंबाझरी तलावाचा बांध तलावाच्या पूर्वेला आहे. बांधाकडून पाण्याकडे पाहिले की तोंड पश्चिमेकडे होते आणि सकाळचे ऊन पाठीमागून येते. कोकणातल्या भूशिरावर सकाळी नेमकी हीच स्थिती असते, म्हणून सरावासाठी मला ही जागा नागपुरात सर्वांत योग्य वाटते. जिथे जाण्याची मुभा आहे अशा ठिकाणी सूर्योदयानंतर लगेच बसावे. पक्षी किती आहेत याला इथे महत्त्व नाही. चार पाणकावळे आणि एखाददुसरा सुरय असला तरी सराव होतो.

सराव असा करावा. दुर्बीण डोळ्याला लावून डाव्या काठापासून उजव्या काठापर्यंत अगदी संथपणे नजर फिरवावी, या एका फेरीला निदान दोन मिनिटे लागली पाहिजेत. फेरी पूर्ण झाल्यावर अर्धे मिनिट डोळ्यांना विश्रांती द्यावी, मग उजवीकडून डावीकडे परतावे. असे एक तासभर, न उठता. पहिल्या दिवशी हे कठीण जाते, पण काही रविवारांनंतर नजर आपोआप अशा ठिकाणी अडखळू लागते जिथे काहीतरी हलले आहे. त्यानंतर दुसरा सराव: पलीकडच्या काठावरून उडणारा पक्षी रंग न पाहता, केवळ पंखांच्या हालचालीवरून ओळखायचा. पाणकावळा जड शरीराने, मान पुढे काढून, सरळ रेषेत उडतो. सुरय हलक्या पंखांनी उसळत जातो आणि खाली चोच करून पाणी न्याहाळतो. बगळा मान आत ओढून घेतो. हे तिन्ही आपल्याला ठाऊक असतात, पण एक किलोमीटरवरून, तीन सेकंदांत, ते सांगता येणे ही वेगळी गोष्ट आहे.

ज्यांना शक्य आहे त्यांनी नवेगाव खैरीसारख्या मोठ्या जलाशयावरही एक-दोन सकाळी घालवाव्यात. तिथे पाण्याचा विस्तार मोठा असल्याने अंतराचा अंदाज चुकतो, आणि तो चुकणे समुद्रावर जाण्याआधीच अनुभवलेले बरे. नदी सुरय दिसला तर त्याचा आकार मनात पक्का करावा, कारण कोकणात बाकी सर्व सुरयांची तुलना करायला तो आपला माहितीचा पक्षी राहील. पारडगावच्या तलावावर हिवाळ्यात येणारे पट्टकादंब (बार-हेडेड गूज) पाहायला आपण जातोच. त्यांचा थवा उडाला की दहा-दहाच्या गटांत मोजण्याचा सराव तिथेच करून घ्यावा. समुद्रावर दोनशे-तीनशे कुरव एकदम उठतात आणि एकेक मोजत बसणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

साधने

८×४२ ची दुर्बीण पुरेशी आहे. १० पट दुर्बीण वाऱ्यात हातात थरथरते, तरी ती सवयीची असेल तर बदलण्याची गरज नाही. समुद्रासाठी खरी गरज आहे ती स्पॉटिंग स्कोपची, म्हणजे ट्रायपॉडवर लावायच्या एकनळी दुर्बिणीची. ६५ ते ८० मिलिमीटर भिंगाचा, तिरप्या नेत्रिकेचा (डोळा लावायच्या भागाचा) स्कोप असावा. तिरप्या नेत्रिकेमुळे बसून पाहता येते आणि ट्रायपॉड बुटका ठेवता येतो, म्हणजे वाऱ्याने तो हलत नाही. २० ते ६० पट मोठे दाखवणारा स्कोप असला, तरी शोध नेहमी २५-३० पटीवरच घ्यावा. त्यापुढे गेल्यावर दृश्य काळोखते, हवेतील थरथर वाढते आणि पाहण्याचा पट्टा इतका अरुंद होतो की पक्षी सापडण्याआधीच निसटतो. स्कोप महाग असतो. तीन-चार जणांच्या गटात एक असला तरी काम भागते, आणि गटाने जाणे तसेही चांगले, कारण चार डोळे पट्टा वाटून घेऊ शकतात.

कपड्यांच्या बाबतीत नागपूरकरांची गफलत होते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या आसपास उतरतो म्हणून आपण जाड लोकरीचे कपडे भरतो, पण रत्नागिरीची सकाळ त्या मानाने उबदार असते आणि दुपारी चांगलेच ऊन तापते. लागते ते वारा अडवणारे पातळ जाकीट, रुंद काठाची बांधता येणारी टोपी, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि खडकावर बसायला जाड आसन. आसनाला क्षुल्लक समजू नये, कारण निरीक्षण किती वेळ टिकते हे बहुतेकदा त्यावरच ठरते. खाऱ्या हवेमुळे भिंगांवर बारीक थर बसतो. तो कोरड्या कापडाने घासला तर मिठाचे कण भिंगावर ओरखडे पाडतात, म्हणून रोज संध्याकाळी आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या मऊ कापडाने टिपून घ्यावे आणि मगच कोरडे करावे. ट्रायपॉडचे सांधेही पुसावेत.

दिवस कसे निवडावेत

नागपुरात बसून समुद्राचे वेळापत्रक काढता येते, कारण ते भिंतीवरच्या पंचांगाच्या कॅलेंडरात असते. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हिशेब असा: तिथीच्या आकड्याला ३ ने गुणून ४ ने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. अष्टमीला सुमारे ६, द्वादशीला सुमारे ९, आणि पौर्णिमा किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती येत असल्याने हीच वेळ सकाळी आणि संध्याकाळी किंवा रात्री लागू होते. ही वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या आसपास चांगला जुळतो. पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असल्याने रत्नागिरीला ती काहीशी आधी येते. बेत ठरवायला एवढे पुरते, प्रत्यक्ष जाताना मात्र त्या बंदराचा छापील किंवा मोबाइलवरचा भरतीचा तक्ता पाहावा.

माझी निवड दशमी ते त्रयोदशी, पक्ष कोणताही चालेल. या दिवसांत भरती सकाळी साधारण सात ते साडेनऊच्या दरम्यान पूर्ण होते. पहाटेपासून भूशिरावर बसून समुद्र पाहता येतो, आणि भरतीने वाळूचा पट्टा अरुंद केला की किनाऱ्यावरचे चिखले-तुतवार थोड्या जागेत दाटीने गोळा होतात, तेव्हा तिकडे वळता येते. दुपारी ओहोटी लागून खाडीतला चिखल उघडा पडतो आणि तिसऱ्या प्रहरी त्यावर चरणारे पक्षी पाहायला मिळतात.

वारा आणि उजेड यांचा हिशेब अधिक सूक्ष्म आहे. हिवाळ्यातल्या सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात आणि पक्षी काहीसे आत, दूर राहतात; ऊन मात्र पाठीमागून येत असल्याने जे दिसते ते स्वच्छ दिसते. दुपारपर्यंत जमीन तापून खारे वारे सुरू होतात, बहुधा वायव्येकडून, आणि पक्षी किनाऱ्याजवळ येऊ लागतात, पण तोवर सूर्य समोर आलेला असतो आणि पाण्यावर असा चकाकता पट्टा पसरतो की त्यातला प्रत्येक पक्षी काळा दिसतो. या दोन टोकांमधला, साधारण दहा ते बारा हा वेळ अतिशय मोलाचा आहे. वारा फिरू लागलेला असतो आणि ऊन अजून डोक्यावरच असते. बरेच जण नेमके याच वेळी नाश्त्यासाठी उठतात, म्हणून पोहे किंवा पोळी-भाजीचा डबा सोबत ठेवून बसल्या जागी खावे आणि जागा सोडू नये. दुपारनंतर बसायचेच असेल तर वायव्येकडे तोंड करावे, कारण हिवाळ्यात सूर्य नैऋत्येकडे मावळतो आणि समुद्राचा उत्तरेकडचा भाग चकाकीतून सुटतो.

जागा: रत्नदुर्गाचे भूशिर

कोकणात भूशिरांची वाण नाही. हरिहरेश्वर, जयगड, देवगड, वेंगुर्ले बंदर या सगळ्या जागा चांगल्या आहेत. तरी पहिल्या सहलीसाठी मी रत्नागिरी सुचवतो, कारण एकाच मुक्कामात तीन निरनिराळ्या प्रकारची ठिकाणे मिळतात: समुद्रात घुसलेला रत्नदुर्ग किल्ला, त्याच्या उत्तरेला मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर आणि दक्षिणेला काजळी नदीच्या मुखाशी भाट्याची खाडी व लांबलचक वाळू. नागपूरहून मुंबईमार्गे कोकण रेल्वेने जाता येते, आणि नागपूर–मडगाव ही विशेष गाडी चालू असेल त्या काळात थेट रत्नागिरीला उतरता येते. तिचे दिवस बदलतात, म्हणून आरक्षणाआधी खात्री करावी. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाने मोटारीने जाणारे पुष्कळ आहेत, पण पुढे मुंबई–गोवा महामार्गाचा मोठा टप्पा उरतो, तेव्हा रात्रभर गाडी चालवून पहाटे थेट किल्ल्यावर जाण्याचा बेत आखू नये. थकलेल्या डोळ्यांनी समुद्र पाहता येत नाही आणि जांभ्याच्या कड्यावर थकलेल्या माणसाने बसू नये.

कमीत कमी तीन सकाळी त्याच जागी बसण्याचा बेत हवा. पहिली सकाळ जागा समजण्यात जाते: कोणत्या दिशेला बोया (पाण्यावर तरंगणारी खूण) आहे, मासेमारीच्या बोटी कोणत्या वाटेने जातात, पाण्याचा रंग कुठे बदलतो. दुसऱ्या दिवसापासून पक्षी दिसू लागतात.

उंचीचा विचार करताना एक साधे गणित लक्षात ठेवावे. डोळ्याची समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये घेऊन तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ३.५७ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. वाळूवर उभ्या माणसाला क्षितिज पाचेक किलोमीटरवर असते, तर ५० मीटर उंचीवरून ते सुमारे २५ किलोमीटरवर जाते. पण २५ किलोमीटरवरचा कुरव कोणत्याही स्कोपमधून ओळखता येत नाही. खात्रीची ओळख दोन किलोमीटरच्या आतच होते. म्हणून तटाच्या माथ्यावर बसण्यापेक्षा, जिथून लाटांमधल्या खोलगट जागांत डोकावता येईल एवढी उंची असलेली, मागे भिंतीचा किंवा झुडपाचा आडोसा असलेली मधली जागा निवडावी. फार उंचावरून पक्ष्यांची फक्त पाठ दिसते आणि गडद पाण्याच्या पार्श्वभूमीवर करड्या पाठीचा पक्षी हरवतो.

पाहण्याची रीत

स्कोप लावताना क्षितिजरेषा दृश्याच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवावी. म्हणजे क्षितिजावरून वर उठणारे पक्षीही दिसतात आणि अलीकडचे पाणीही नजरेत राहते. मग अंबाझरीवर केली तशीच संथ फेरी. एका फेरीनंतर स्कोप थोडा खाली करून जवळच्या पट्ट्याची दुसरी फेरी, आणि तिसरी फेरी साध्या दुर्बिणीने अगदी किनाऱ्यालगत. जवळचे पक्षी स्कोपवाल्यांच्या डोक्यावरून निघून जातात, हे पुन्हा पुन्हा पाहायला मिळते.

गटात असाल तर पक्षी कुठे आहे हे सांगण्याची भाषा आधीच ठरवून घ्यावी. “तो बघा, तिकडे” याने समुद्रावर काहीही कळत नाही. बोया, नांगरलेली बोट, समोरचा खडक यांना नावे द्यावीत आणि सांगताना आधी खूण, मग दिशा, मग अंतर, मग पक्षी कोणीकडे जातो आहे हे सांगावे: “लाल बोटीच्या उजवीकडे, क्षितिजाच्या खाली, उत्तरेकडे जाणारे तीन सुरय.” एकाने नोंदी कराव्यात आणि दर अर्ध्या तासाने जागा बदलाव्यात, कारण स्कोपला सलग डोळा लावणाऱ्याची नजर त्यापुढे बोथट होते.

पाण्याकडे पाहताना आधी गर्दी शोधावी, मग पक्षी. जाळे ओढणारा ट्रॉलर परतीला लागला की त्याच्या मागे कुरवांची रांग लागते. त्या रांगेत अचानक एक गडद, दणकट पक्षी घुसून एकाच कुरवाच्या मागे लागलेला दिसला, तो कुरव वेडावाकडा वळू लागला आणि त्याने तोंडातले टाकून दिले, तर तो पाठलाग करणारा स्कुआ असण्याची दाट शक्यता आहे. पाण्यात एका जागी सुरय वरून सुळकन बुडी मारत असतील तर तिथे माशांचा थवा वर आलेला असतो, आणि अशाच ठिकाणी कधी कधी डॉल्फिनची पाठही वर येते. कोकणच्या किनाऱ्याजवळ वावरणारे हे कुबडाचे डॉल्फिन भूशिरावरून दिसणे ही मोठी आनंदाची बाब आहे आणि त्यांचीही वेळ व दिशा नोंदवून ठेवावी. शांत समुद्रावर, दूर, बारीक ठिपक्यांचा तरंगता पुंजका दिसला तर घाई करू नये. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात वीण करून हिवाळ्यात अरबी समुद्रात येणारा लाल मानेचा फॅलारोप जेमतेम ३०-४० ग्रॅम वजनाचा असतो, आणि लाटेच्या उतारावर पुंजका आला की मगच त्याची पांढरी अंगे व डोळ्यामागचा काळा डाग दिसतो.

ओळखीची गुंतागुंत

कुरवांमध्ये आधी लहान आणि मोठे असे दोन गट करावेत. लहानांमध्ये तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे दोन नेहमीचे, आणि हिवाळ्यात दोघांचीही डोकी पांढरी असून कानाजवळ फक्त गडद ठिपका उरतो, त्यामुळे नावावर विसंबून उपयोग नाही. पंख पाहावेत. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाच्या पुढच्या कडेला लांब पांढरी पाचर असते आणि काळा रंग टोकाच्या मागच्या कडेला पट्टीसारखा उरतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचे पंखाचे टोक ठळक काळे असते, पूर्ण वाढलेल्या पक्ष्यात त्या काळ्यात पांढरे ठिपके असतात आणि डोळा फिकट दिसतो. तो अंगानेही थोडा भारी असतो. शेपटीच्या टोकाशी गडद पट्टी आणि पंखांवर तपकिरी छटा असेल तर तो पहिल्या हिवाळ्यातला पक्षी. बारीक चोचीचा कुरवही यांच्यात मिसळलेला असू शकतो: लांब चोच, उतरते कपाळ आणि कानाजवळचा ठिपका अगदी पुसट किंवा नसलेला.

मोठ्या कुरवांपैकी गडद करड्या पाठीचे, पिवळ्या पायांचे ह्यूग्लिन कुरव बहुसंख्य असतात. मोठे कुरव पूर्ण रंगात यायला सुमारे चार वर्षे घेतात, तोवर दर हिवाळ्याला त्यांचा अवतार निराळा असतो. नवशिक्याने त्यांच्या तपकिरी पिल्लांवर वेळ खर्च करू नये, पूर्ण वाढलेले पक्षी आधी पक्के करावेत. पल्लास कुरव मात्र चुकत नाही. तो सर्वांत अवाढव्य, लांब उतरत्या कपाळाचा, हिवाळ्यात डोळ्याभोवती गडद मुखवट्यासारखा डाग असलेला आणि पिवळ्या चोचीच्या टोकाजवळ काळी पट्टी असलेला असतो.

सुरयांची ओळख चोचीपासून सुरू करावी. मोठ्या तुरेवाल्या सुरयाची चोच फिकट, किंचित हिरवट पिवळी आणि पाठ गडद करडी. छोट्या तुरेवाल्याची चोच नारिंगी आणि पाठ फिकट. सँडविच सुरयाची चोच काळी व टोक पिवळे, पण ते पिवळे टोक एका किलोमीटरवरून दिसत नाही, तिथे त्याचे अत्यंत फिकट, जवळजवळ पांढरे अंगच उपयोगी पडते. कॅस्पियन सुरय आकाराने मोठ्या कुरवाएवढा असून त्याची जाड लाल चोच लांबूनही लपत नाही. आखूड, जाड, काळ्या चोचीचा सुरय खाडीच्या चिखलावर हेलकावे घेत खेकडे टिपताना दिसला आणि त्याने पाण्यात बुडी मारली नाही, तर तो कुरवासारख्या चोचीचा सुरय समजावा. त्याची वागणूकच त्याची खूण आहे.

स्कुआंच्या जाती ओळखण्याचा आग्रह पहिल्या वर्षी धरू नये. पोमराईन स्कुआ छातीने भरलेला आणि जड, तर पॅरासिटिक स्कुआ सडपातळ व ससाण्यासारखा चपळ, एवढा भेद दोन्ही शेजारी दिसले तरच भरवशाचा आहे. पंखांच्या टोकाजवळ पांढरट चमक आणि पाठलागाची पद्धत पाहून “स्कुआ, जात अनिश्चित” अशी नोंद करणे हे उत्तम निरीक्षण आहे.

बंदर आणि वाळू

दूरच्या पक्ष्यांशी झगडून झाल्यावर तेच पक्षी जवळून पाहणे आवश्यक असते आणि त्यासाठी मिरकरवाड्याचा धक्का आहे. बोटी मासळी उतरवतात तेव्हा कुरव आणि ब्राह्मणी घारी हाताच्या अंतरावर येतात. कुरवांच्या पंखांची टोके, डोळ्यांचा रंग, पायांचा रंग तिथे निवांत अभ्यासावा. ही मात्र लोकांची कामाची जागा आहे. लिलाव चालू असताना ट्रायपॉड वाटेत मांडू नये, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत, आणि एखादा तांडेल (बोटीचा प्रमुख) निवांत असेल तर नम्रपणे विचारावे की आज पाण्यात पाखरे कुठे होती. समुद्रात कुठे काय चालले आहे हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते, आणि अशा विचारपूशीतून मला मिळालेली माहिती कोणत्याही पुस्तकातून मिळाली नसती.

भाट्याच्या वाळूवर लाटेच्या मागे-पुढे धावणारे फिकट सँडर्लिंग, लाल-नारिंगी चोचीचे काळे-पांढरे ऑयस्टरकॅचर आणि वाळूत मिसळून जाणारे चिखले शोधावेत. थवा वाळूवर विसावलेला असेल तर पन्नास-साठ मीटरवर थांबून तिथूनच पाहावे. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला भरतीच्या दोन तासांत विश्रांती हवी असते आणि फोटोसाठी त्याला पुन्हा पुन्हा उडवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. दुपारी खाडीच्या मुखाकडून पूर्वेकडे, म्हणजे सूर्य पाठीशी ठेवून, चिखल पाहावा. उंच झाडावर समुद्र गरुडाचे मोठे काटक्यांचे घरटे दिसले तर त्याची जागा सार्वजनिक नोंदीत देऊ नये, त्याच्या खाली रेंगाळू नये. हिवाळा हा त्यांच्या विणीचा काळ आहे.

सुरक्षितता

कोकणच्या भूशिरांचा माथा जांभ्याचा असतो आणि त्याची कड खालून पोखरलेली असू शकते, म्हणून काठापासून निदान दोन-तीन मीटर आत बसावे. खाली उतरून काळ्या, ओल्या, शेवाळलेल्या खडकांवर जाऊ नये. तलावाच्या काठाची सवय असलेल्याला समुद्राच्या लाटेचा अंदाज येत नाही, आणि दहा शांत लाटांनंतर येणारी अकरावी लाट मोठी असू शकते. ओहोटीला चालत गेलेल्या खडकावरून भरतीआधी परतावे. किनारा, बंदर आणि दीपगृह ही सुरक्षेच्या दृष्टीने संवेदनशील ठिकाणे असल्याने ओळखपत्र जवळ ठेवावे, मोठी लेन्स आणि स्कोप पाहून पोलिसांनी विचारणा केली तर पक्ष्यांची वही दाखवून शांतपणे सांगावे. ड्रोन नेऊ नये.

नोंद

समुद्रावरील नोंद जंगलातल्या यादीसारखी करून चालत नाही. दर पंधरा मिनिटांचा एक रकाना करावा आणि त्यात जात, संख्या, उत्तरेकडे की दक्षिणेकडे, आणि अंतर जवळ, मध्यम की दूर एवढे लिहावे. प्रत्येक तासाच्या सुरुवातीला वाऱ्याची दिशा, लाटांवर पांढरे तुरे आहेत की नाहीत, आणि क्षितिज स्पष्ट आहे की धुरकट, हे नोंदवावे. पक्षी दिसले नाहीत तो रकानाही रिकामा न सोडता शून्य लिहावे, कारण वारा आणि पक्षी यांचा संबंध शून्यांशिवाय कळत नाही. रात्री मुक्कामाला पोहोचल्यावर त्याच दिवशी ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरावी, वेळ आणि जागा अचूक द्यावी, आणि न ओळखलेले पक्षी “कुरव” किंवा “सुरय” याच पातळीवर ठेवावेत. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. आपली सहल त्या काळात पडली तर भाट्याच्या खाडीवरची मोजणी त्या गणनेसाठी देता येईल, आणि नागपुरात तलावांवर त्या गणनेत भाग घेतलेल्यांना तिची पद्धत ठाऊक असतेच. पायात कडे किंवा रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसल्यास रंग, पाय डावा की उजवा, पट्टीची जागा आणि अक्षरे लिहून, शक्य असेल तर फोटोसह, मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावे.

वाळूवर थकून बसलेला, माणूस जवळ गेला तरी न उडणारा समुद्रपक्षी आढळला तर त्याला पुन्हा पाण्यात सोडू नये. बहुधा तो उपाशी किंवा जखमी असतो आणि पंख भिजल्यास बुडतो. टॉवेल टाकून, चोचीपासून डोळे जपत, त्याला भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सावलीत ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये, खाऊ घालू नये, आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवावे. वन कर्मचारी येईपर्यंत खोके उघडून पाहू नये, आणि पक्षी कुठे, किती वाजता, कोणत्या स्थितीत सापडला हे लिहून त्यांच्या हाती द्यावे.